कुळागर विकण्याआधी

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

"मी ३६ वर्षांची, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नऊ वर्षं कायम नोकरीत आहे. नवरा ३८ वर्षांचा. तो इथे एका मोठ्या हॉटेलात शेफ होता. २०२४च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या एका लहान शहरातल्या रेस्टॉरंटच्या मालकाने त्याला वर्क व्हिसावर बोलावून घेतलं. घरी मी, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेह आहे, पण स्वयंपाकघर अजून त्यांच्याच हातात आहे.

नवऱ्याची तिथे दोन वर्षं भरत आली. मालक म्हणतो, मी तुला पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) देतो, पण त्याचा खर्च १५ लाख. निम्मे आधी इथेच, त्याच्या नातेवाइकाच्या बँक खात्यात भरायचे आणि निम्मे पगारातून कापून घेणार. दीर म्हणतात, सासऱ्यांच्या कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, ओहोळापलीकडचा तुकडा विकू, गिऱ्हाईक तयार आहे. नवरा म्हणतो, 'मालकाने आणलं म्हणून मी इथे आहे. आता नाही म्हटलं तर दोन वर्षं पाण्यात जातील. नाहीतरी तो दर पंधरवड्याला पगारातले थोडे पैसे रोख परत घेतोच, तसंच हेही समजायचं.' मी राजीनामा देऊन ठेवावा, म्हणजे पीआर झाली की लगेच निघता येईल, असा त्याचा आग्रह आहे. माझी आई म्हणते, सरकारी नोकरीवर पाणी सोडू नकोस. शेजारच्या बाई म्हणतात, पीआर घेतली की इथला पासपोर्ट जातो. मला रात्री झोप नाही. कुळागर विकावं का? राजीनामा द्यावा का? आणि मी नको म्हटलं तर नवऱ्याच्या वाटेत आडवी आले असं होईल का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देते, कारण गिऱ्हाईक दारात उभं आहे. या कारणासाठी कुळागर विकू नका. राजीनामाही आत्ता देऊ नका. म्हणजे नवऱ्याने परत यावं किंवा पीआरचा विचार सोडावा असं मी म्हणत नाही. उलट त्याची वाट तुम्हा दोघांना वाटते त्याहून बरीच मोकळी आहे, आणि ती या पंधरा लाखांवरून जात नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलं. तुम्ही त्यावर थांबला नाहीत, मी थांबले. मालक दर पंधरवड्याला पगारातले थोडे पैसे रोख परत घेतोच, हे ते वाक्य. त्यातला 'च' मला पंधरा लाखांपेक्षा जास्त खुपला. तुमच्या नवऱ्याचा व्हिसा वर्णनावरून ४८२ क्रमांकाचा दिसतो. तो ज्या काळात गेला त्या काळात या व्हिसावर आणलेल्या माणसाला वर्षाला किमान ७०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर पगार देणं मालकावर बंधनकारक होतं. बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि मग त्यातला काही भाग हातोहात परत मागायचा, म्हणजे कागदावर पगार पूर्ण आणि घरात अपुरा. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात याला थारा नाही. आणि ज्या माणसाला दर पंधरा दिवसांनी असे पैसे परत करायची सवय लागली, त्याला १५ लाखांची मागणीही रीतीप्रमाणेच वाटू लागते. तुमच्या घरात नेमकं हेच झालं आहे, असं मला वाटतं.

आता मालकाच्या 'मी तुला पीआर देतो' या वाक्याकडे पाहू. मालक पीआर देत नाही, देऊही शकत नाही. ती ऑस्ट्रेलियाचं सरकार देतं. मालक फक्त नॉमिनेशन करतो, म्हणजे 'हे पद माझ्याकडे खरोखर आहे, पुढची किमान दोन वर्षं राहणार आहे आणि त्यावर मला हाच माणूस हवा' असं सरकारला लिहून देतो. धंदा खरा चालतो का, पगार तिथल्या बाजाराला धरून आहे का, हे सरकार तपासतं. अशा नॉमिनेशनसाठी पगाराची खालची मर्यादा १ जुलै २०२५ पासून ७६,५१५ डॉलर होती आणि ती दर जुलैला वाढते. त्यानंतर १८६ क्रमांकाच्या व्हिसासाठीचा अर्ज तुमचा नवरा स्वतः करतो, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बळावर. वय ४५च्या आत, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ६, शेफ म्हणून दोन वर्षांचं काम, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला. यातली एकही गोष्ट मालकाची नाही. ती दोन वर्षं भट्टीपुढे उभं राहून तुमच्या नवऱ्याने कमावली आहेत.

'दोन वर्षं पाण्यात जातील' ही भीती त्याला कोणी घातली ते मला माहीत नाही, पण नियम तसा नाही. पूर्वी ही वर्षं एकाच मालकाकडे भरावी लागत. ७ डिसेंबर २०२४ पासून तसं राहिलं नाही. ज्या ज्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे, म्हणजे परदेशी माणूस आणायला सरकारने मान्यता दिलेल्या मालकाकडे, माणसाने या व्हिसावर काम केलं, ते सगळं काम दोन वर्षांत धरलं जातं. म्हणजे उद्या तो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या हॉटेलात गेला आणि त्यांनी रीतसर स्पॉन्सर केलं, तर या मालकाकडची वर्षं त्याच्यासोबत जातात. शिवाय १ जुलै २०२४ पासून, नोकरी सुटली तरी नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, संपूर्ण व्हिसाच्या काळात मिळून ३६५. त्याआधी ही मुदत ६० दिवसांची होती, आणि त्या साठ दिवसांच्या धाकावर अनेक मालकांनी माणसं धरून ठेवली. तुमच्या नवऱ्याच्या मालकाला नवा नियम ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. एकदा नॉमिनेशन होऊन अर्ज गेला की निकाल येईपर्यंत काही महिने जातात, कधी वर्षाहून अधिक. मधल्या काळात नोकरी सोडली किंवा मालकाने नॉमिनेशन मागे घेतलं तर तो अर्ज बहुधा बुडतो. म्हणून मालक बदलायचा असेल तर अर्ज करण्याआधी बदलावा, नंतर नाही. हा विचार याच महिन्यात व्हायला हवा.

पैशांचं बघू. नॉमिनेशनच्या बदल्यात पैसे किंवा दुसरा कसलाही लाभ मागणं हा ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे. मागणाऱ्या मालकाला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि हे नीट वाचा, देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे कुळागर विकून तुम्ही ज्या पीआरसाठी पैसे भरणार, त्याच पैशांमुळे ती जाऊ शकते. पैसे इथल्या नातेवाइकाच्या खात्यात का मागितले असतील, याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल.

रास्त खर्च कोणता? नवऱ्याच्या स्वतःच्या अर्जाचं शुल्क सुमारे पाच हजार डॉलर, तुमचं साधारण त्याच्या निम्मं, मुलीचं पाव. वैद्यकीय तपासण्या, इंग्रजीची परीक्षा, दाखले, आणि त्याने स्वतःसाठी वकील किंवा मायग्रेशन एजंट घेतला तर त्याची फी. हे तुम्ही भरायचं. मालकाला सरकारकडे कौशल्य प्रशिक्षणाचा जो कर भरावा लागतो, लहान धंद्याला तीन हजार डॉलर आणि मोठ्याला पाच हजार, तो त्यानेच भरायचा. कामगाराच्या माथी मारणं बेकायदा आहे. सगळं धरूनही तुमचा हिशेब पंधरा लाखांच्या निम्म्यालाही जेमतेम पोचेल.

यात एक जागा तुमच्यासाठी आहे. सोबत येणाऱ्या जोडीदाराला कामापुरतं इंग्रजी येतं असं दाखवता आलं नाही, तर जवळपास पाच हजार डॉलर जास्तीचे भरावे लागतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या बाईने यात अडकायचं कारण नाही. आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ पुरते. परीक्षा अर्जाच्या आधीच्या वर्षभरात दिलेली हवी. जाणं नक्की होवो न होवो, ती देऊन टाका.

आता उपकारांबद्दल. 'मालकाने आणलं म्हणून मी इथे आहे' या वाक्यातला कृतज्ञपणा मला कळतो, तो आपल्या लोकांच्या हाडात आहे. माझे वडील कुवेतमध्ये एका दुकानात हिशेबनीस होते. सुट्टीवर आले की मालकाचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि विमानांतून आणलेल्या लाखाहून अधिक भारतीयांत तेही एक पिशवी घेऊन घरी आले. तेरा वर्षं काम केलं होतं, पण त्या देशावर त्यांचा हक्क असा काहीच नव्हता, कारण आखातात नोकरीवरून कायमचं राहण्याचा हक्क तेव्हाही मिळत नव्हता, आजही सहसा मिळत नाही. मालकाबद्दल ते शेवटपर्यंत चांगलंच बोलले, आणि माणूस चांगला होताही. पण चांगल्या मालकाचे आभार मानणं वेगळं आणि आपलं आयुष्य त्याच्या मर्जीवर टांगून ठेवणं वेगळं. तुमच्या नवऱ्याच्या मालकाला शेफ हवा होता. लहान शहरात मिळत नव्हता. तुमच्या नवऱ्याला संधी हवी होती. दोघांची गरज भागली. यात ऋण असेलच तर ते दोन्ही बाजूंनी आहे, आणि पंधरवड्याच्या रोख पैशांनी ते एका बाजूने कधीच फिटून गेलं आहे.

नवऱ्याशी बोलताना 'तू फसतोयस' असं म्हणू नका. तो तिथे एकटा आहे, रात्री अकराला भांडी आवरून खोलीवर जातो, आणि ज्याच्यावर त्याची नोकरी, व्हिसा, कदाचित राहण्याची खोलीही अवलंबून आहे त्या माणसाला नाही म्हणायची कल्पनासुद्धा त्याला घाम फोडत असेल. त्याने तुम्हाला सांगितलं नाही असं आणखी काही असू शकतं. कदाचित त्याने आधीच काही पैसे दिले असतील. लाज ही फार मोठी गोष्ट आहे, पुरुषांच्या बाबतीत तर जास्तच. त्याला बोलायला जागा करून द्या.

मग त्याला शांतपणे कागद जमवायला सांगा. कामाचा करार, सगळ्या पे-स्लिप, बँकेची स्टेटमेंट, ड्युटीचे तक्ते, मालकाचे पैशांबद्दलचे मेसेज. प्रती स्वतःच्या ईमेलवर आणि तुमच्याकडेही असाव्यात. सुपरॲन्युएशन, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, त्याच्या खात्यात जमा होतो का हे त्याने बघावं. पगारावर वेगळे १२ टक्के, जुलै २०२५ पासूनचा हा दर, मालकाने भरायचे असतात. तिथे काही जमा नसेल तर मालकाचा आणखी एक हिशेब उघडा पडतो. त्यानंतर मालकाने सुचवलेल्या नव्हे तर स्वतः निवडलेल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला किंवा वकिलाला तासभर भेटावं. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटला क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत कुणालाही तपासता येतो. पैशांची अडचण असेल तर कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये फुकट सल्ला मिळतो. फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाला नाव न सांगताही माहिती देता येते. २०२४ च्या जुलैपासून, पिळवणुकीविरुद्ध दाद मागणाऱ्या कामगाराचा व्हिसा केवळ त्या कारणाने जाऊ नये अशी तरतूद झाली आहे. तिला अटी आहेत, म्हणून आधी वकील, मग तक्रार. पैसे आधीच दिले गेले असतील तर वकिलाला भेटणं तर जास्तच गरजेचं.

असंही होईल की नवऱ्याने 'मी कायद्याप्रमाणे माझा खर्च भरतो, याहून जास्त देऊ शकत नाही' एवढंच म्हटलं आणि मालक मुकाट तयार झाला. चांगला शेफ हातचा जाऊ देणं त्यालाही परवडत नाही. मी याची खात्री देत नाही. पण तो नाहीच म्हणाला तरी शेफ हा धंदा तिथल्या मागणीच्या व्यवसायांच्या यादीत आहे आणि तुमच्या नवऱ्याला दुसरी दारं आहेत.

कुळागराकडे येते. आपल्याकडे पोफळीची बाग म्हणजे नुसती जमीन नसते हे मी तुम्हाला काय सांगणार? गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारं अर्धं सामान तिथूनच येत असेल. पण भावना बाजूला ठेवूनही दोन गोष्टी बघा. गोव्यात आपला दिवाणी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा आहे. सासरे गेल्यावर सर्वसाधारणपणे अर्धा हिस्सा सासूबाईंचा आणि उरलेला सगळ्या वारसांचा, मुलींसकट. आणि लग्नात वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या वाट्याची स्थावर मालमत्ता तुमच्या संमतीशिवाय विकता येत नाही. दिरांना गिऱ्हाईक मिळालं असेल, पण सह्या सासूबाईंच्या, नणंदांच्या, जावेच्या आणि तुमच्याही लागतात. तेव्हा 'माझ्या म्हणण्याला काय किंमत' असं मनात असेल तर ते काढून टाका. कायद्याने तुमच्या म्हणण्याला किंमत आहे. दुसरी गोष्ट, एकदा तुम्ही परदेशात राहू लागलात की वारशाने आलेली शेतजमीन, बागायत ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. आज विकलेला तुकडा उद्या डॉलर आले म्हणून परत घेऊ, हा मार्ग तुमच्यासाठी बंद असेल.

राजीनाम्याचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे तुमची आई आणि नवरा दोघेही एकच गोष्ट गृहीत धरत आहेत, की पीआर आणि नोकरी यांतलं एक आजच सोडायचं. तसं नाही. नवऱ्याच्या अर्जात तुमचं आणि मुलीचं नाव आत्ताच घाला, ते टाळू नका. मागाहून जोडीदाराचा वेगळा व्हिसा काढायचा तर नऊ हजार डॉलरांहून अधिक शुल्क आणि पुन्हा मोठी प्रतीक्षा. अर्ज भारतात राहून करता येतो. मंजूर झाल्यावर पत्रात एक तारीख असते, तिच्या आत एकदा तिथे जाऊन यायचं. त्यानंतर पाच वर्षं ये-जा करता येते. पाच वर्षांनंतरही ही ये-जा चालू ठेवायची असेल तर त्या पाचांपैकी दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. याचा अर्थ तुमच्याकडे विचाराला वेळ आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

नोकरीच्या बाजूने, परदेशी जाण्याआधी खात्याची परवानगी लागते हे तुम्हाला माहीत आहेच. असाधारण रजा म्हणजे बिनपगारी रजा मिळते का, किती मिळते, बाल संगोपन रजा तुमच्या बाबतीत लागू आहे का, आणि कुटुंबाबरोबर परदेशातली पीआर घेतल्यास खात्याचं काय म्हणणं आहे, हे चारही प्रश्न शिक्षण खात्याला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. स्टाफरूममधल्या सल्ल्यावर जाऊ नका. लपवून तर काहीच करू नका. रजा हा काही हक्क नव्हे, आणि सलग पाच वर्षांहून जास्त रजा सहसा कुणाला मिळत नाही, हेही धरून चाला. पेन्शन एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) असेल तर ते खातं भारतीय नागरिक म्हणून परदेशातूनही चालू ठेवता येतं.

पण रजेच्या अर्जापेक्षा मोठा एक प्रश्न मला तुमच्या पत्रात दिसलाच नाही. तिथे तुम्ही कोण असाल? नवरा शेफच राहील. मुलगी शाळेत जाईल, सहा महिन्यांत तिथल्यासारखं बोलू लागेल. तुम्ही आज एका शाळेत बाई आहात. गावात लोक वाट सोडून उभे राहतात. तिथे शिक्षिका म्हणून मान्यता मिळवायला चार वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात शिक्षणशास्त्राची पदवी, आणि आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनाला ७, श्रवण-संभाषणाला ८ गुण मागतात. हे अशक्य नाही, पण वर्षांचं काम आहे. बऱ्याच जणी आधी बालसंगोपन केंद्रात सर्टिफिकेटचा अभ्यासक्रम करून कामाला लागतात. ते काम चांगलं आहे, पगारही बरा असतो. काही जणींना त्यात नवी उमेद मिळते, काहींच्या मनातून आपली शाळा कधी जात नाही. तुम्ही यातल्या कोण आहात हे मला सांगता येणार नाही, तुमच्या नवऱ्यालाही नाही. म्हणून माझी सूचना अशी: मे महिन्याच्या सुट्टीत परवानगी काढून मुलीला घेऊन व्हिजिटर व्हिसावर तीन-चार आठवडे तिथे जाऊन या. ते शहर, तो बाजार, ती खोली, नवऱ्याचा दिवस कसा जातो ते बघा. तिथल्या एखाद्या मराठी किंवा कोंकणी बाईबरोबर चहा प्या आणि पहिलं वर्ष कसं गेलं ते विचारा. कुळागराच्या किमतीपुढे हे तिकीट स्वस्त आहे.

शेजारच्या बाईंचा गैरसमज आपल्या गोव्यात अगदी साहजिक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व येतं, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं जातं. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पीआर घेऊनही तुम्ही भारतीयच राहता, पासपोर्ट हाच, मतदानाचा हक्क हाच. तिथे चार वर्षं राहून, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर काढून नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, तेव्हा हा प्रश्न खरा होईल. घ्यायचं की नाही ते तेव्हाही तुमच्याच हातात.

सासूबाईंना काय वाटतं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांच्या वाट्याची जमीन आहे, स्वयंपाकघर आहे, औषधं आहेत, पण त्यांचं एक वाक्य नाही. त्यांना विचारा. 'पीआर झाली की आईला घेऊन येऊ' असं नवरा म्हणत असेल तर त्यालाही खरी स्थिती कळू द्या: ऑस्ट्रेलियात आई-वडिलांच्या साध्या कायम व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात गेली आहे, आणि जास्त पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसालाही दहा वर्षांहून अधिक लागतात. व्हिजिटर म्हणून काही महिने येता येतं, आणि तीन किंवा पाच वर्षांचा एक तात्पुरता पालक व्हिसाही आहे, एकूण दहा वर्षांपर्यंत. त्याला पैसे बरेच लागतात आणि वैद्यकीय विम्याचा विचार करावा लागतो. तुम्ही दोघंही गेलात तर पुढची व्यवस्था दिरांकडे की नणंदेकडे, हे त्यांच्यासमोर बसून ठरवा, त्यांच्या माघारी नको.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. देशागणिक नियम निराळे आहेत आणि ते भराभर बदलतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवरून पीआरसाठी माणसं निवडण्याच्या पद्धतीत, नोकरीच्या पत्राला ५० किंवा २०० गुण मिळत, ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तरीही तिथल्या नोकरीचं पत्र मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे अजून फिरतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची पातळी पदवीच्या कामांपर्यंत नेली, त्यात नव्याने जाणाऱ्या शेफची वाट बंद झाली. जर्मनीत मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांत कायम परवाना मिळू शकतो, पण जर्मन भाषेशिवाय पुढे जाता येत नाही. आणि इथून परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का हे बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नोंदलेल्या एजंटलाही ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, नवऱ्याच्या वाटेत आडवी येण्याचा. दोन वर्षं तुम्ही त्याची मुलगी आणि आई सांभाळली, नोकरी केली, आणि आता तो जे ओझं एकटा उचलू बघतो आहे त्याला हात लावायला निघाला आहात. ही आडवी येणारी बाई नव्हे. पण त्याला तसं वाटू नये म्हणून पंधरा लाखांचा, कुळागराचा किंवा राजीनाम्याचा विषय पहिल्या फोनवर काढू नका. मुलगी झोपल्यावर, दीर घरी नसताना, त्याच्या सुट्टीच्या दिवशी फोन लावा. 'दर पंधरवड्याला तुझ्या हातात खरे किती उरतात?' एवढंच विचारा, आणि तो सगळं सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.